ज्यू बालवाडीत मदतनीस म्हणून रुजू होताय? सणांच्या हस्तकलेबद्दल आधी हे माहीत असू द्या

अमेरिकेत सिनेगॉगला (ज्यू प्रार्थनास्थळाला) किंवा ज्यू कम्युनिटी सेंटरला जोडून बालवाड्या चालतात. मदतनीस शिक्षिकेने ज्यू असलंच पाहिजे अशी अट तिथे बऱ्याच ठिकाणी नसते, त्यामुळे बाहेरून आलेल्यांनाही या कामाची वाट मोकळी असते. रंग-कात्री-गोंदाचं काम कुठल्याही बालवाडीत शिकता येतं. इथे वेगळं आहे ते सणाचं शास्त्र. कुठली वस्तू कशी असावी लागते आणि कुठला पदार्थ वर्गात आणायचा नाही, हे कळलं की हस्तकला आपोआप नीट होते. आमचं ठाम मत असं की सणाच्या दिवशी घरच्या टेबलावर खरोखर वापरता येईल अशीच वस्तू मुलांकडून करून घ्यावी. भिंतीवर एकसारखे वीस कागदी डाळिंब लावण्यात मुलांचं शिकणं फार थोडं असतं आणि शिक्षिकेचं कातरकामच जास्त.

सगळ्यात आधी ज्यू कॅलेंडर समोर ठेवा. सण आदल्या दिवशी सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणजे वस्तू त्याआधी घरी पोचायला हवी. शरद ऋतूत रोश हशाना (नववर्ष), योम किप्पूर (प्रायश्चित्ताचा उपवास), सुक्कोत (मांडवांचा सण) आणि सिमखात तोरा (तोरा या धर्मग्रंथाचं वाचन पूर्ण होण्याचा सण) हे सगळे तिश्री महिन्याच्या पहिल्या तेवीस दिवसांत येतात. बहुतेक शाळांना मधे सुट्ट्या असतात आणि नवी मुलं अजून दारात आईला बिलगून रडत असतात. या दिवसांत मोठं काही काढू नका. रोश हशानाला सफरचंदाचे ठसे पुरतात. सफरचंद आडवं कापा, म्हणजे मधे पाच पाकळ्यांची चांदणी दिसते. कापल्यावर पंधरा मिनिटं कागदी रुमालावर पालथं ठेवा, कारण ओल्या फोडीवर रंग घसरतो आणि चांदणी उमटत नाही. रंग ताटलीत ओतायचा नाही, पातळ स्पंजात मुरवायचा. फोडीच्या पाठीत काटा खोचला की छोट्या हातांना मूठ मिळते. सोबत मध चाखायला देणार असाल तर तान्ह्यांच्या खोलीत तो नेऊ नका. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नसतो.

सुक्कोतच्या मांडवात लावायच्या साखळ्या पावसात भिजतात. चित्रं लॅमिनेट करताना चारी बाजूंनी अर्धा सेंटीमीटर प्लास्टिक सोडा आणि भोक त्या कडेतच पाडा. कागदातून भोक पाडलं की तिथून पाणी शिरतं.

हनुकासाठी, म्हणजे आठ रात्रींच्या दिव्यांच्या सणासाठी, मात्र वेळ राखून ठेवा. दिवा करताना त्याचे नियम पाळावे लागतात आणि त्या नियमांतच मोजणी, उंची, अंतर हे सगळं शिकणं आलं. आठ ज्योती एका ओळीत, एकाच उंचीवर हव्यात. नववी, म्हणजे बाकीच्या पेटवणारी शमाश, वेगळी दिसली पाहिजे. साधारण तीस सेंटीमीटर लांबीची अरुंद फरशी घ्या. प्रत्येक मुलामागे दहा षटकोनी लोखंडी नट लागतात: आठ ओळीत, दोन एकावर एक शमाशसाठी. नट विकत घ्यायला जाताना हनुकाची मेणबत्ती सोबत न्या आणि दुकानातच बसवून बघा. मेणबत्त्या कंपनीगणिक कमीजास्त जाड असतात. कागदाच्या पट्टीवर तीन-तीन सेंटीमीटरवर ठिपके काढून ती फरशीच्या कडेला चिकटवली की चार वर्षांचं मूल नट स्वतः मांडतं. अंतर कमी पडलं तर शेजारची मेणबत्ती वितळते आणि ज्योती एकमेकींत मिसळतात. तसं होणं नियमालाही चालत नाही.

इथे बिघडतं ते गोंदामुळे. शाळेतला पांढरा गोंद गुळगुळीत फरशीवर धातू धरत नाही आणि हॉट ग्लू ज्योतीच्या उष्णतेने मऊ पडतो. धातू आणि चिनीमाती दोन्हींना चालणारा मजबूत गोंद मोठ्यांनी, मुलं घरी गेल्यावर, खिडक्या उघडून लावायचा आणि पूर्ण दिवस सुकू द्यायचा. सजावट फरशीवर अ‍ॅक्रिलिक रंगाने करा. कागद, पिसं, कापूस, चकमकीत झालर यातलं काहीही ज्योतीजवळ नको. लाकडी पट्टी वापरायचा मोह होतो, पण मेणबत्ती संपता संपता नट तापतो आणि लाकूड काळं पडतं.

दर रात्री एक मेणबत्ती वाढते. मेणबत्त्या उजवीकडून डावीकडे मांडतात, पण पेटवताना सुरुवात त्या दिवशी नव्याने मांडलेल्या, म्हणजे सर्वांत डावीकडच्या मेणबत्तीपासून. हे मुलांकडून रंगीत काड्यांनी करून घ्या. आठ रात्रींना शमाशसकट ४४ मेणबत्त्या लागतात. मोठ्या गटाला त्या रोज मोजून मांडायला आवडतात. वाढदिवसाच्या सवयीने मुलं फुंकर मारायला धावतात. ही ज्योत विझवायची नसते, हे आधीच सांगून ठेवा. वर्गात खरी ज्योत चालते का, ते संचालकांना विचारा. दोन वर्षांच्या मुलांना तळव्यांचे ठसे पुरतात: दोन्ही अंगठे एकावर एक आले की मधला शमाश, आणि उरलेली आठ बोटं आठ ज्योती.

तू बिश्वातला, म्हणजे झाडांच्या नववर्षाला, पार्सली पेरा. तीच पेसाखला, म्हणजे इजिप्तमधल्या गुलामीतून सुटकेच्या सणाला, सेदेर या विधीच्या जेवणात मिठाच्या पाण्यात बुडवून खातात. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, तळाला भोक असलेल्या पेल्यात आठ-दहा बिया अर्धा सेंटीमीटर खोल घाला. उगवायला दोन ते चार आठवडे लागतात आणि तोवर मुलांचा उत्साह मावळतो, म्हणून शेजारी मुळ्याचं बी पेरा. ते चार-पाच दिवसांत वर येतं. जानेवारीत खिडकीची काच थंडगार असते, तेव्हा पेले काचेला टेकवू नका. एरवी तू बिश्वात ते पेसाख ५९ दिवस असतात, अधिक महिन्याच्या वर्षी ८९. २०२७ हे अधिक महिन्याचं वर्ष आहे, त्यामुळे रोपं एकदा छाटावी लागतील. कोकणातले बेने इस्रायल ज्यू तू बिश्वातलाच एलियाहू हन्नाबीच्या (प्रेषित एलियाच्या) नावाने पोहे, नारळ, साखर आणि फळांचा मलिदा करतात. वर्गशिक्षिकेची परवानगी असेल तर हे मुलांना जरूर सांगा. पोहे भिजवणं आणि कालवणं हे मुलांच्या हातांना छान जमणारं काम आहे.

पूरिम या सोंगांच्या आणि गोंगाटाच्या सणाच्या खुळखुळ्यात वाल किंवा राजमा घालतात. तीन वर्षांखालच्या गटात तो फुटला की दाणा थेट तोंडात जातो. दोन ताटल्या स्टेपल केल्यावर पूर्ण कडेला रुंद चिकटपट्टी लावा, स्टेपलची टोकंही त्यातच झाकली जातील. मुखवटे बऱ्याच लहान मुलांना नकोसे वाटतात. त्यांच्यासाठी डोक्याची पट्टी करा.

पेसाखच्या आधी वर्गाची सफाई हे नव्या मदतनिसाच्या वाट्याला येणारं मोठं काम. गहू, जव, ओट, राय आणि स्पेल्ट यांपासून झालेलं आणि फुगू शकणारं सगळं हटवायचं. शेवयांच्या माळा आणि ओटने भरलेली खेळाची परात पटकन लक्षात येते. निसटतो तो खेळायचा मऊ गोळा: विकतच्या प्ले-डोमध्ये गहू असतो आणि घरी केलेला तर मैद्याचाच. त्याऐवजी माती द्या. अश्केनाझी (मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या) परंपरेत तांदूळ आणि कडधान्यंही टाळतात, सेफार्दी (मूळ स्पेन-पोर्तुगालकडच्या ज्यूंच्या) घरांत तांदूळ चालतो. शाळेचा नियम काय ते विचारून मगच तांदळाची परात ठेवा.

सफाईच्या आधी ‘मात्सा भट्टी’ लावा. मात्सा म्हणजे पेसाखची न फुगवलेली पोळी. प्रत्येक मुलाला पाव कप मैदा आणि सव्वा टेबलस्पून पाणी. पाणी घातल्यापासून भट्टीतून काढेपर्यंत अठरा मिनिटं, मोठ्या आकड्यांचं घड्याळ समोर. गोळा पापडाइतका पातळ लाटायचा, काट्याने टोचायचा, ४७५ अंश फॅरनहाइटला तीन ते पाच मिनिटं भाजायचा. जाड राहिला तर मधे कच्चा राहतो. साध्या मैद्याची ही मात्सा सेदेरला चालत नाही, तशी चिठ्ठी पिशवीवर लावाच. १८७४ साली पुण्यात छापलेल्या मराठी हगादात (सेदेरला वाचायच्या पोथीत) मात्सा करणाऱ्या बायका साडीत दाखवल्या आहेत. ते चित्र लाटण्यांशेजारी ठेवण्यासारखं आहे. मुलांनी स्वतः केलेली हगादा बांधताना स्टेपल उजव्या कडेला मारा. हिब्रू उजवीकडून वाचतात, आणि डावीकडे बांधलेलं पुस्तक मागून उघडतं.

दर शुक्रवारच्या खालासाठी (शब्बाथच्या वेणीदार पावासाठी) मुलामागे साठ ग्रॅम कणीक पुरे. कणकेवर अंडं लावायला सिलिकॉनचा ब्रश घ्या, कारण स्वस्त केसाळ ब्रश डुकराच्या केसांचे असू शकतात. मार्शमेलोत प्राणिज जिलेटिन असतं, तेव्हा खाऊ चिकटवायच्या हस्तकलेतही कोशर (ज्यू आहारनियमांत बसणारं) असा शिक्का बघा. घरून काही खायचं आणू नका, डबाही विचारूनच. आशीर्वादाच्या छापील कागदांवर देवाचं हिब्रू नाव असेल तर ते कचऱ्यात जात नाहीत. सिनेगॉगमध्ये त्यांच्यासाठी वेगळी पेटी असते, ती कुठे आहे ते पहिल्याच दिवशी पाहून ठेवा.