पळायचं नाही, आडवं पडूनच धडधड: डोब्युटामिन स्ट्रेस इकोला जाताना

गुडघे गेलेत, ट्रेडमिलवर चालणं जमणार नाही म्हणून डॉक्टर म्हणाले औषध देऊन स्ट्रेस इको (हृदयाला ताण देऊन केलेली त्याची सोनोग्राफी) करू, आणि घरी आल्यावर माझी झोप उडाली, कारण धडधाकट हृदयाला मुद्दाम पळवायचं म्हणजे काय? तर तेच. डोब्युटामिन नावाचं औषध शिरेतून थेंबाथेंबाने सोडतात, त्याने ठोके वाढतात, हृदय जोरात आकुंचन पावायला लागतं, थोडक्यात तुम्ही जिने चढताय असं हृदयाला वाटतं आणि तुम्ही मात्र डाव्या कुशीवर पडून असता. एखादी रक्तवाहिनी अरुंद असेल तर तिच्या वाट्याच्या भागाला जास्तीचं रक्त मिळत नाही आणि तो भाग बाकीच्यांसारखा नीट हलत नाही, सोनोग्राफीत बघायचं असतं ते हेच. स्वस्थ असताना सगळं ठीक दिसतं, ताण आला की खरं बाहेर पडतं.

आता तयारी. यात सगळ्यात जास्त घोळ होतो तो गोळ्यांचा. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल, बिसोप्रोलॉल अशा बीटा ब्लॉकरच्या गोळ्या ठोके वाढूच देत नाहीत, म्हणून निदान करायची टेस्ट असेल तर त्या बऱ्याचदा 1-2 दिवस आधी थांबवायला सांगतात. पण स्वतःच्या मनाने बंद करू नका हां, अचानक सोडल्या तर त्रास होऊ शकतो, आणि कधीकधी डॉक्टरांना गोळी चालू असतानाच बघायचं असतं. माझी पहिली अपॉइंटमेंट यातच वाया गेली. मला कुणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही, सकाळी नेमाने गोळी घेतली आणि तिथल्या सिस्टरने गोळ्यांची यादी वाचून सरळ परत पाठवलं. तेव्हा अपॉइंटमेंट घेतानाच एकेका गोळीचं नाव घेऊन विचारा, ही घ्यायची का नाही. डायबेटिस असेल तर इन्सुलिनचंही विचारा, कारण आधी काही तास उपाशी राहायचं असतं. चहा-कॉफीचंही विचारून घ्या, काही ठिकाणी आदल्या दिवसापासून बंद करायला लावतात. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर तेही आधीच सांगा, का ते पुढे येतंय. कपडे पुढून उघडणारे घाला, बस.

तिथे गेल्यावर छातीवर ईसीजीच्या पट्ट्या, एका दंडाला बीपीचा पट्टा, दुसऱ्या हातात सुई. पुरुषांच्या छातीवरचे केस थोडे काढतात कधीकधी. मग गार जेल लावून आधी आरामातले फोटो घेतात. बरगड्यांमध्ये तो प्रोब (सोनोग्राफीचा छातीवर टेकवायचा दांडा) बऱ्यापैकी दाबून धरतात, मला खरं सांगायचं तर औषधापेक्षा त्याचाच जास्त वैताग आला. मध्येच श्वास सोडा, धरा, असं सांगत राहतात.

मग औषध. सुरुवात अगदी कमी, वजनाच्या दर किलोला मिनिटाला 5 किंवा 10 मायक्रोग्रॅम, आणि साधारण दर 3 मिनिटांनी वाढवत 40 पर्यंत. टार्गेट असतं ते ठोक्यांचं: 220 मधून वय वजा करायचं आणि त्याचे 85 टक्के. माझं वय 60, म्हणजे 160 आणि त्याचे 136. पहिल्या दोन पायऱ्यांना मला काहीच कळलं नाही, वाटलं औषध जातंय की नाही. तिसरीला मात्र कानात ठोके ऐकू यायला लागले, डोक्याच्या कातडीला मुंग्या, हात किंचित थरथरायला लागले आणि अंगातून गरम वाफ गेल्यासारखं झालं. काहींना मळमळतं, डोकं दुखतं, घाईची लघवी लागते (जाऊनच बसा आधी). ही धडधड बघून घाबरू नका, ती आणण्यासाठीच तर एवढा खटाटोप. एवढं करूनही ठोके टार्गेटला पोचले नाहीत तर अ‍ॅट्रोपिन देतात, त्याने तोंड कोरडं पडतं आणि थोडा वेळ डोळ्यांना धूसर दिसतं, काचबिंदू-प्रोस्टेटचं विचारतात ते याच्यासाठी.

पण छातीत दुखलं, चक्कर आली, श्वास लागला तर गप्प सोसत बसू नका, लगेच बोला. आपल्याकडे काय, "थोडंच राहिलंय, सहन करतो" असं असतं, इथे ते चालत नाही, कारण दुखणं नेमकं कधी सुरू झालं हीच त्यांना हवी असलेली माहिती असते. बीपी खूप चढलं-उतरलं, ठोके अनियमित झाले किंवा फोटोत काही बिघडलेलं दिसलं तर ते टार्गेटच्या आधीच थांबवतात. गंभीर काही होणं दुर्मिळ आहे, पण होऊ शकतं, म्हणूनच डॉक्टर आणि इमर्जन्सीचं सामान खोलीतच असतं. डोब्युटामिन शरीरातून लवकर जातं, बंद केल्यावर बहुतेकांची धडधड 5-10 मिनिटांत उतरते, आणि रेंगाळलीच तर ती उतरवायला शिरेतून बीटा ब्लॉकर देतात, म्हणजे जी गोळी बंद करायला लावली तिचाच भाऊबंद!

सगळं मिळून तासभर धरा, खरी औषधाची वेळ 15-20 मिनिटंच. नंतर थोडा वेळ बसवून ठेवतात, बीपी बघतात, मग खायला मोकळे. अ‍ॅट्रोपिन दिलं असेल तर त्या दिवशी गाडी चालवू नका, सोबत कुणाला तरी न्या. बंद केलेली गोळी पुन्हा कधी सुरू करायची हे निघतानाच विचारून घ्या, मी तेही विसरले होते आणि संध्याकाळी फोन करत बसले.