बदुगी: चार पानांचं पोकर शिकताना

पोकर म्हटलं की जोड्या लावायच्या, सिक्वेन्स लावायचा, एका रंगाची पानं जमवायची, ही सवय हाताला लागलेली असते. बदुगीत ती मोडावी लागते. इथे काहीच जुळता कामा नये. चार पानं हवीत ती इस्पिक, बदाम, चौकट, किलवर अशी चार रंगांची, चार वेगळ्या आकड्यांची आणि होता होईल तेवढी लहान. अशा हातालाच बदुगी म्हणतात. एक्का सर्वांत लहान, राजा सर्वांत मोठा. म्हणजे चार रंगांतले एक्का-दुर्री-तिर्री-चव्वी हा सर्वोच्च हात. ओळीने पानं आली म्हणून काही बिघडत नाही, सिक्वेन्स इथे धरतच नाहीत.

दोन पानांचा रंग किंवा आकडा जुळला, तर त्यातलं एक बाद. आधी किती पानं उरली ते बघायचं. चार पानांचा कुठलाही हात तीन पानांच्या हाताला हरवतो, अगदी राजाची बदुगी, म्हणजे सर्वांत मोठं पान राजा असलेली, हीसुद्धा एक्का-दुर्री-तिर्रीला. पानांची संख्या सारखी असेल तर सर्वांत मोठं पान आधी ताडायचं. नवखे इथे हमखास फसतात: नव्वी-तिर्री-दुर्री-एक्का दिसायला देखणा, पण अठ्ठी-सत्ती-छक्की-पंजी त्याच्यावर मात करतो, कारण अठ्ठी नव्वीपेक्षा लहान.

पान टाकताना घाई नको. समजा हातात बदाम एक्का, बदाम चव्वी, किलवर चव्वी आणि इस्पिक सत्ती आहे. दोन बदाम आहेत आणि दोन चव्व्याही. एकटी बदाम चव्वी टाकली की दोन्ही भानगडी मिटतात आणि सत्ती-चव्वी-एक्का असा तीन पानांचा चांगला हात उरतो. किलवर चव्वी टाकली असती तर दोन बदाम तसेच राहिले असते.

डावाचा क्रम सोपा आहे. दोघांनी ब्लाइंड, म्हणजे पानं बघण्याआधीची सक्तीची रक्कम, लावायचे (एक लहान, एक मोठा), प्रत्येकाला चार पानं झाकून वाटायची. मग बोली, पानं बदलणे, बोली, बदलणे, बोली, बदलणे आणि शेवटची बोली. म्हणजे बदल 3, बोली 4. दर बदलात शून्यापासून चारपर्यंत कितीही पानं टाकता येतात. बोली बहुधा ठरलेल्या रकमेची असते: मोठा ब्लाइंड 10 चिप्सचा असेल तर पहिल्या दोन बोली 10च्या, पुढच्या दोन 20च्या. सहा जण खेळत असतील तर 24 पानं वाटण्यातच जातात आणि कॅट मध्येच संपू शकतो. तेव्हा टाकलेली पानं पिसून पुन्हा वापरतात, म्हणून ती पालथी, एका बाजूला रचून ठेवावीत.

वाटतानाच पूर्ण बदुगी येण्याची शक्यता जेमतेम 6 टक्के. बहुतेक वेळा तीन पानं धरून चौथ्याची वाट बघावी लागते. वरच्या उदाहरणात चौकटची 13 पानं, त्यातून एक्का, चव्वी, सत्ती वजा केली की कामाची 10. न पाहिलेली पानं 48. म्हणजे एका बदलात साधारण 21 टक्के आणि तीन बदलांत मिळून 51 टक्के. पण या दहात दश्शीपासून राजापर्यंतची चार पानंही आहेत, आणि तशी बदुगी जमूनही हरू शकते. म्हणूनच नव्वी-गुलाम-राणीसारखी तीन पानं धरून चौथ्याच्या मागे लागू नये. पान मिळालं तरी हात दुबळाच राहतो आणि चिप्स जातात त्या शेवटच्या मोठ्या बोलींत. सुरुवातीला तिन्ही पानं सत्तीपर्यंतची असतील तरच पुढे जा, नाहीतर पॅक करा.

समोरच्याचे पत्ते दिसत नाहीत, पण तो किती पानं बदलतो ते दिसतं, आणि बदुगीत याहून मोलाची खूण नाही. म्हणून शेवटी खेळणाऱ्याचा फायदा मोठा. समोरच्याने शेवटच्या बदलात एकच पान मागितलं आणि तुमच्याकडे राणीची बदुगी असेल, तर पान अजिबात बदलू नका. त्याला बदुगी लागण्याची शक्यता पाचात एक, आणि लागली तरी ती तुमच्यापेक्षा लहान असेलच असं नाही. तोच खेळाडू पहिल्या बदलापासून एकही पान न घेता बोली वाढवत असेल, तर मात्र राणीची बदुगी सोडून द्यायला हात आखडू नये.