फौजदारी वकिलांची संघटना काढताय? आधी नियमावली लिहा

गावात एखादा संतापजनक गुन्हा घडला, की दुसऱ्या दिवशी कोर्टाबाहेरच्या चहाच्या गाड्यावर एक वाक्य हमखास कानावर पडतं, ‘त्याचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही बरं का.’ सोलापुरात फौजदारी वकिलांची वेगळी संघटना काढायची असेल, तर पहिला नियम याच वाक्यासाठी लिहा. लेटरहेड, बोधचिन्ह, उद्‌घाटनाला पाहुणे कोण, हे सगळं मागाहून.

नियम साधा ठेवावा: कुठल्याही आरोपीचं वकीलपत्र घेऊ नये, असा ठराव संघटनेत मांडता येणार नाही आणि कुणी मांडलाच तर अध्यक्ष तो चर्चेला घेणार नाहीत. आपल्या पसंतीच्या वकिलाकडून बचाव करून घेण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २२ नं दिलेला आहे. वकील संघांचे असले ठराव बेकायदा आणि रद्दबातल आहेत, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली मोहम्मद रफी प्रकरणात स्पष्ट सांगितलं. मग नियमावलीत पुन्हा कशाला? कारण संतापलेल्या सभेत निकालपत्र कुणी वाचत नाही, अध्यक्षांच्या हातात मात्र नियमावली असते. आणि आज ज्याला सगळे गुन्हेगार म्हणतात त्याच्याबद्दल उद्या मत बदलू शकतं, हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. स्वातंत्र्यलढ्यातल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली, ती पोलिसांच्या खुनाच्या खटल्यात. आज त्यांच्या पुतळ्यांना आपण हार घालतो.

दुसरा मुद्दा सभासदत्वाचा. बहुतेक भांडणं इथूनच निघतात, म्हणून इथं घाई नको. सनद (वकिलीचा परवाना) असलेला आणि आरोपीच्या बाजूनं काम करणारा वकील सभासद होऊ शकतो, इथपर्यंत सगळे माना डोलावतात. पण उद्या त्याचीच सरकारी वकील म्हणून नेमणूक झाली तर? नेमणुकीच्या दिवसापासून सभासदत्व स्थगित आणि मुदत संपली की परत चालू, असं आधीच लिहून टाका. बचावाच्या डावपेचांवर चर्चा चालू आहे आणि समोरच्या बाजूचा माणूस पहिल्या रांगेत बसलाय, हे दोघांनाही अवघड. गरीब आरोपींना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाचे बचाव वकील मात्र आपलेच. त्यांना बाहेर ठेवू नका.

मतदार यादीची तारीखही ठरवून ठेवा. मी ज्या एका संघटनेत होतो, तिथं निवडणुकीच्या आदल्या संध्याकाळी एकानं चाळीस जणांची वर्गणी एका चेकनं भरली. नियम नव्हता, त्यामुळे कुणाला काही बोलता येईना. मतदानाच्या तीन महिने आधी वर्गणी भरलेल्यालाच मत, एवढं एक वाक्य पुरलं असतं. जिल्ह्यात ११ तालुके आहेत, तेव्हा कार्यकारिणीत पंढरपूर, बार्शी, माळशिरसच्या जागा नावानिशी राखून ठेवा. नाहीतर सगळे पदाधिकारी शहरातलेच होतात. महिलांसाठीही जागा ठेवा. सर्वोच्च न्यायालयानं तिथल्याच वकील संघाच्या कार्यकारिणीत २०२४ साली त्यांना एक तृतीयांश जागा दिल्या.

नोंदणीचं काम त्या मानानं सरळ आहे. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे किमान सात माणसं लागतात. संस्थेचं नाव, उद्देश आणि पहिल्या कार्यकारिणीची नावं-पत्ते असलेलं विधानपत्र, सोबत नियमावली, असं सगळं धर्मादाय कार्यालयात द्यायचं. महाराष्ट्रात अशा संस्थेची सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद होते. उद्देश मात्र विचार करून लिहा. पुढं ते बदलायचे तर खास सभेत तीन पंचमांश मतं लागतात आणि महिन्यानं दुसरी सभा घेऊन तितक्याच मतांनी ते कायम करावे लागतात.

आता धोरणं. सगळ्यात आधी व्हॉट्सॲप ग्रुपचं धोरण करा, हसू नका. कुणीतरी ‘यात जामीन होईल का?’ म्हणून एफआयआरचा फोटो टाकतो आणि त्यात पोक्सोच्या (बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याच्या) खटल्यातल्या पीडितेचं नाव, गाव, शाळा सगळं दिसत असतं. पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. तेव्हा ग्रुपवर कागद टाकायचा नाही, प्रश्न नावं गाळून विचारायचा. अशिलानं सांगितलेलं तर तिथं येताच कामा नये.

एकाच गुन्ह्यातल्या दोन आरोपींचं वकीलपत्र एकाच वकिलाकडे असेल आणि एक जण दुसऱ्यावर ढकलायला लागला तर काय करायचं, तेही लिहा. सभासदांची यादी छापाल तेव्हा ‘नामांकित’, ‘यशस्वी’ ही विशेषणं काढून टाका, वकिलांना जाहिरात करायला मनाई आहे. त्याऐवजी तेलुगू, कन्नड, उर्दू कुणाला बोलता येतं, ते लिहा. शहराच्या पूर्वभागातल्या यंत्रमाग कामगाराच्या आईला तेच कामाला येतं.

तक्रार आली तर संघटना सभासदत्व काढू शकते, सनद नाही. ते काम महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीचं. पण सभासदत्व काढतानाही लेखी नोटीस, तक्रारीची प्रत आणि म्हणणं मांडायला वेळ द्या. अशिलासाठी आपण हे घसा कोरडा करून मागतो आणि आपल्याच माणसाच्या वेळी विसरतो. कामबंदचा ठराव करणार असाल, तर वकिलांना संपाचा हक्क नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा निकाल आधी वाचून घ्या.

वार्षिक सभा सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत किंवा आषाढीच्या आठवड्यात ठेवू नका, गणसंख्या भरणार नाही. निवडणूक झाली, की त्याच रात्री प्रोसिडिंग बुकात ठराव लिहून सह्या घ्या. नव्या कार्यकारिणीचा चेंज रिपोर्ट (पदाधिकारी बदलल्याची नोंद करायचा अर्ज) ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात गेला पाहिजे. आणि चेकवरच्या सह्या बदलायला बँक त्याच ठरावाची प्रत मागते. जुने खजिनदार रुसून बसायच्या आत ती काढून ठेवा.