ट्रान्सड्यूसर कुठे बसवाल?

ट्रान्सड्यूसर म्हणजे मासे आणि खोली दाखवणाऱ्या मशीनचा, पाण्यात आवाजाच्या लहरी सोडणारा भाग. तो बसवायला छिद्र पाडण्याआधी होडी एकदा पाण्यात पळवा आणि मागच्या फळीखाली वाकून बघा. जिथे पांढरा फेस उसळतो ती जागा सोडा. हिरवं, सलग पाणी सुटतं ती धरा. बुडबुड्यांतून आवाजाच्या लहरी नीट जातच नाहीत, मग मशीन कितीही महागडं असो, वेगात पडद्यावर नुसता कचरा दिसतो. इंजिनाचा पंखा मागून बघताना उजवीकडे फिरणारा असेल तर बहुधा उजवी बाजू बरी, पंख्यापासून हातभर लांब. फायबरच्या होडीत ट्रान्सड्यूसरचं तोंड तळापेक्षा जरासंच खाली ठेवा. लहरींची वारंवारता किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्याला २०० किलोहर्ट्झ, खोल समुद्राला ५०. स्क्रूच्या छिद्रांत मरीन सीलंट (पाणी आत शिरू न देणारा लेप) भरायला मात्र अजिबात कंटाळू नका, नाहीतर फळीतलं लाकूड आतून कुजतं.