ब्रायरचा पाइप घडवताना: आधी भोक, मग आकार

अण्णांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, तंबाखू ओढायचा जुना पाइप तळाशी जळून आरपार गेला. टाकून देण्याआधी मी तो करवतीने उभा चिरला. पाइप करायला मी शिकले ते त्या दोन फाकांवरून. निकामी पाइप मिळाला तर तुम्हीही आधी चिरून बघा. वर तंबाखू भरायची साधारण २० मिमी रुंद वाटी आणि दांड्यातून येणारं ४ मिमीचं धुराचं भोक, एवढाच कारभार. पण हे भोक वाटीच्या अगदी तळाशी, बरोबर मधोमध उघडलं पाहिजे. माझ्या दुसऱ्या पाइपात ते ३ मिमी वर राहिलं. दिसायला तो सगळ्यांत देखणा होता, पण अण्णांनी दोन झुरके घेतले आणि आत गुरगुर सुरू झाली. तळाची तंबाखू ओलीच राहिली होती.

म्हणून भोकं आधी, आकार नंतर. ठोकळा चौकोनी आहे तोवरच शिकंज्यात सरळ बसतो. पहिल्या खेपेला तर भोकं पाडून तोंडात धरायची नळी बसवलेला तयार ठोकळाच घ्या.

लाकूड ब्रायरचंच हवं. भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाची ही मुळाजवळची गाठ. ती तासन्‌तास उकळून महिनोन्‌महिने वाळवतात. उष्णता ती छान सोसते. फ्रान्समधलं सँ-क्लोद गाव एकोणिसाव्या शतकापासून ब्रायरच्या पाइपांसाठी ओळखलं जातं. घरात शिसवाचा तुकडा असेल तरी मोह आवरा, त्याच्या धुळीनेच कित्येकांच्या अंगाला खाज सुटते. सागाचा तुकडा हात बसवण्यापुरता ठीक, ओढण्यासाठी नाही.

ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने आकृती काढा, कोपरे करवतीने उडवा, मग खरबरीत कानस आणि त्यानंतर बारीक. वाटीची भिंत चहूबाजूंनी निदान ६ मिमी राहू द्या, तळ त्याहून जाड. अण्णांच्या पाइपाचा तळ फाकेत पाहिला तर जेमतेम बोटाच्या नखाएवढा उरला होता.

पॉलिश पेपर १२० पासून ६०० पर्यंत, एकही नंबर न गाळता. घासताना नळी लावलेलीच ठेवा. काढून घासलीत तर सांध्याची कड गोल होते आणि दांडा नि नळी यांच्यामध्ये कायमची फट दिसते. ४०० झाल्यावर ओलं फडकं फिरवा. लाकडाचे तंतू उभे राहतात, ते वाळले की पुन्हा घासा. याच वेळी रेषा पहिल्यांदा उमटतात, आडव्या कापावर पक्ष्याच्या डोळ्यांसारखे ठिपके दिसतात. मी इथे दर वेळी थांबते आणि पाइप खिडकीशी नेऊन बघते.

व्हार्निश लावू नका, तापल्यावर त्याला फोड येतात. कार्नोबा, म्हणजे एका पामच्या पानांचं कडक मेण, फिरत्या कापडी चाकाने पाइपावर चढवा, तेवढं पुरे.

पहिले काही दिवस पाइप अर्धाच भरायचा, आतून काजळीचा पातळ थर धरेपर्यंत. अण्णांचा नवा पाइप अजून अर्ध्यावरच आहे.