उत्सवाची वही आणि पुराची तयारी

साखळी, डिचोली, वाळपई यांसारख्या गोव्यातील लहान शहरांत आपत्तीसाठी नवी समिती नेमण्याआधी जत्रेची किंवा भजनी सप्ताहाची जुनी वही शोधून काढावी. कोणत्या वाड्याने किती माणसे द्यायची, मोठी भांडी आणि जनरेटर कोणाकडे असतात, रात्रीची पाळी कोणाची, हे सारे तीत वर्षानुवर्षे लिहिले जाते, आणि वाळवंटी नदीचे पाणी साखळीच्या बाजारात शिरू लागले की नेमकी हीच माहिती हवी असते. वास्कोचा दामोदर सप्ताह एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेगच्या साथीत सुरू झाला. तेथे २४ तासांचे अखंड भजन पथके आळीपाळीने चालवतात. मदतकेंद्राच्या पाळ्याही याच रीतीने लावाव्यात.

पहिली बैठक एप्रिलच्या अखेरीस, शक्यतो देवळाच्या मंडपात किंवा मांडावर, म्हणजे गावच्या लोकखेळांच्या ठरलेल्या जागी, घ्यावी. भजनी मंडळ, शिगम्याचे (गोव्यातील होळीच्या उत्सवाचे) पथक, उत्सवी नाटकाची मंडळी आणि चर्चची फेस्त (सण) समिती यांना एकाच वेळी बोलवावे. पौष महिन्यात रात्री मांडावर धालो हे लोकनृत्य खेळणाऱ्या बायकांना मात्र आग्रहाने बोलवावे, कारण कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेली आजी आहे, कोण गरोदर आहे, कोणाचा मुलगा जहाजावर गेल्याने म्हातारे आईवडील एकटे आहेत, हे त्यांना जितके ठाऊक असते तितके नगरपालिकेच्या कोणत्याही यादीत सापडत नाही. त्यांनी सांगावे आणि एखाद्या कॉलेजच्या मुलीने वाड्यानुसार लिहून घ्यावे.

येथे परंपरेचा एक दोष स्पष्टपणे सांगायला हवा. देवळाच्या महाजनांच्या (वंशपरंपरागत सभासदांच्या) आणि मानकऱ्यांच्या याद्या जातीने आणि कुळाने बांधलेल्या असतात, त्यामुळे भाड्याच्या खोलीत राहणारे परप्रांतीय कामगार त्यांत नसतात, आणि सखल भागातील स्वस्त खोल्यांत पाणी शिरते तेव्हा सर्वांत आधी तेच अडकतात. ही घरे वेगळी फिरून नोंदवावीत. तेवढे केले नाही तर वही अर्धवटच राहील.

वीज आणि मोबाइल बंद पडल्यास इशारा कसा द्यायचा, हेही त्याच बैठकीत ठरवावे. चर्चची घंटा आणि ढोल-ताशा दूरवर ऐकू जातात, परंतु शिगम्याचा नेहमीचा ताल इशाऱ्यासाठी वापरू नये. वेगळा ठेका निवडून जूनपूर्वी एकदा सर्व वाड्यांना ऐकवावा.

साठ्याची सवय गोव्यात आहेच. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठा करण्याच्या, दिवसांत सुकी मासळी, मिरच्या, चिंच, सोले घरोघरी भरून ठेवली जातात. त्याच वेळी प्रत्येक वाड्याने दोन दिवसांच्या पेजेपुरते तांदूळ, मीठ आणि लोणचे एखाद्या उंच जागी सामाईक ठेवावे. खर्चासाठी जत्रेच्या फेरीतील (बाजारातील) जागांच्या पावणीतून (लिलावातून) ठरावीक वाटा काढावा आणि त्याचा हिशेब उत्सवाच्या हिशेबासोबतच वाचून दाखवावा. खाजनांना (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनींना) लागून असलेल्या वस्तीत बांध आणि मानशीची (पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या झडपेची) दारे पावसाआधी जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावीत व सोबत दोन तरुण पाठवावेत.

वहीची दुसरी प्रत वरच्या मजल्यावरील कोणाच्या तरी घरी ठेवावी, कारण नदीकाठच्या मंडपातील कपाट पुरात सर्वांत आधी भिजते.