सोमानचा धोका: गोळी कधी घ्यायची, कधी थांबवायची

मुंबईत मायस्थेनिया ग्रॅव्हिस या स्नायू दुबळे करणाऱ्या आजाराचे रुग्ण पायरिडोस्टिग्मिनची ६० मिलिग्रॅमची गोळी रोज घेतात. तेच औषध, पण ३० मिलिग्रॅमचं, सैनिकाला सोमान या नर्व्ह एजंटच्या, म्हणजे नसांवर मारा करणाऱ्या युद्धविषाच्या, धोक्यात आधीपासून देतात. अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीएने २००३ मध्ये त्याला मान्यता दिली ती फक्त सोमानसाठी. घरातली ६० ची गोळी मोडून हे काम करू नका.

नसांकडून स्नायूंना आलेला संदेश वेळेवर थांबवणारं एक एन्झाइम शरीरात असतं. सोमान त्या एन्झाइमला चिकटला की दोनेक मिनिटांतच ती पकड पक्की होते, मग प्रॅलिडॉक्सिम या उताऱ्यालाही सुटत नाही. सरिन या दुसऱ्या नर्व्ह एजंटच्या बाबतीत हाताशी काही तास असतात. गोळी थोडं एन्झाइम आधीच अडवून ठेवते आणि नंतर हळूहळू मोकळं करते. श्वासाचे स्नायू चालतात ते त्याच्या जोरावर.

आदेश आला की दर ८ तासांनी एक: सकाळी ६, दुपारी २, रात्री १०. सुरुवात धोक्याच्या काही तास आधी झालेली हवी. वेळ हुकली तर पुढच्या वेळी एकच घ्या, दोन कधीच नाही. जास्त गोळ्यांनी स्वतःलाच विषबाधेसारखा त्रास होतो.

सगळ्यात जास्त चूक होते ती इथे. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, नाक-तोंड वाहू लागलं, छाती आवळली, की गोळी तिथेच बंद! आता ती विषात भरच घालेल. मास्क आधीच चढवलेला हवा. लगेच अॅट्रोपिन २ मिलिग्रॅम आणि प्रॅलिडॉक्सिम ६०० मिलिग्रॅमचे ऑटोइंजेक्टर (दाबताच आपोआप टोचणारी इंजेक्शनं) मांडीच्या बाहेरच्या बाजूला, पँटवरूनच, दाबून १० सेकंद धरा. खिशात किल्ली किंवा पेन असेल ती जागा टाळा, सुई अडकते. या दोन इंजेक्शनांशिवाय नुसती गोळी कुणाला वाचवत नाही. ती मेंदूपर्यंत फारशी पोचतही नाही, म्हणून झटक्यांसाठी डायझेपाम वेगळं लागतं.

आतड्यात किंवा लघवीच्या मार्गात अडथळा असेल तर गोळी देऊ नका. दमा असेल तर डॉक्टरला आधी विचारा. जुलाब, पोटात मुरडा, वारंवार लघवी हे त्रास नेहमीचे.

साठा २ ते ८ अंश सेल्सिअसला, उजेडापासून दूर ठेवा. मुंबईच्या दमट उकाड्यात पाकीट गाडीत विसरू नका. फ्रीजमधून काढल्याची तारीख पाकिटावर मार्करने लिहा. बाहेरचे दिवस एकूण ३ महिने भरले, की ते पाकीट बाद.